यास्मुंडचे कडे आणि बीचचे अरण्य

२४ फेब्रुवारी २००५ रोजी जर्मनीच्या ईशान्य टोकास, बाल्टिक समुद्रातील रुगेन बेटावर, पांढऱ्या खडूच्या कड्याचा एक प्रचंड भाग सुटून खाली कोसळला. सुमारे पन्नास हजार घनमीटर खडू समुद्रात गेला आणि काही दिवस किनाऱ्याजवळचे पाणी दुधासारखे दिसत राहिले. कोसळलेल्या सुळक्यांना ‘विसोवर क्लिंकेन’ असे नाव होते. चित्रपत्रिकांवर, प्रवासी पुस्तिकांवर आणि दिनदर्शिकांवर ते इतक्या वेळा छापले गेले होते, की ज्यांनी रुगेन बेट कधी पाहिले नव्हते त्यांनाही ते ओळखीचे वाटत. वर्तमानपत्रांतून सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. जर्मन चित्रकलेतील एका थोर कृतीचे प्रत्यक्ष स्थळच नाहीसे झाले, असा तिचा सूर होता.

ती कृती म्हणजे कास्पार डाव्हिड फ्रीडरिख ह्या चित्रकाराचे ‘रुगेनचे खडूचे कडे’ हे चित्र. फ्रीडरिख जवळच्याच ग्राइफ्सवाल्ट गावचा. जन्म १७७४ चा. १८१८ साली त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो पत्नीसह रुगेनला आला. त्या प्रवासातून निघालेल्या ह्या चित्रात दोन झाडांच्या फांद्यांनी वर कमान धरली आहे, खाली खडूचे टोकदार सुळके आहेत आणि त्यांच्या मधून दूरवर समुद्र व दोन शिडे दिसतात. पुढे तीन माणसे आहेत: तांबड्या वस्त्रातील एक स्त्री, कड्याच्या काठाशी गुडघे टेकून खाली डोकावणारा एक पुरुष आणि हाताची घडी घालून समुद्राकडे पाहणारा दुसरा. चित्र आज स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे आहे. फ्रीडरिखने रेखाटने निरनिराळ्या ठिकाणी केली आणि ती चित्रशाळेत एकत्र जुळवली. त्यामुळे चित्रातील जागा नेमकी कोठे हा प्रश्नच फारसा अर्थपूर्ण नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की २००५ साली कोसळलेले सुळके १८१८ साली त्या रूपात अस्तित्वातच नव्हते. कडा झिजत झिजत त्यांना तो आकार पुढे आला होता. समुद्राने घडवलेली वस्तू समुद्राने परत नेली आणि तिच्यावर चित्रकाराचे नाव लोकांनी मागाहून घातले होते.

ज्या भूमीचा आकार असा सतत पालटतो, तिचे संरक्षण करायचे म्हणजे नेमके कशाचे करायचे, हा प्रश्न यास्मुंडच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिलेला आहे.

यास्मुंड हा रुगेन बेटाचा ईशान्येकडील द्वीपकल्पासारखा भाग. त्याच्या पूर्व अंगाला सासनित्स ह्या बंदराच्या गावापासून उत्तरेकडे लोमे गावापर्यंत खडूचे कडे समुद्रावर उभे आहेत, आणि कड्यांच्या माथ्यावर श्टुबनित्स नावाचे बीच वृक्षांचे अरण्य पसरलेले आहे. बेटावरील सर्वांत उंच जागा, १६१ मीटरांचा पीकबेर्ग, ह्याच अरण्यात आहे. खडू हा चुनखडकाचाच एक मऊ, सच्छिद्र प्रकार. शाळेच्या फळ्यावर चालणारी कांडी हल्ली बहुधा जिप्समची असते. यास्मुंडचा खडू हा मूळचा आणि अस्सल. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी येथे उबदार समुद्र होता. त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचे तळाशी साठत गेली आणि त्यांचा थर शेकडो मीटर जाडीचा झाला. पुढे हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या हिमनद्यांनी हा मऊ खडक ढकलून, तोडून, पत्त्यांच्या जुडीसारखा एकावर एक रचला आणि मधल्या फटींत आपल्याबरोबर आणलेली माती व गोटे भरले. कड्यात काळ्या गारगोट्यांच्या ओळी दिसतात. मूळच्या समुद्रतळाशी त्या आडव्या असणार. आज त्या तिरप्या, कोठे कोठे उभ्याच झालेल्या आहेत. त्या ओळी पाहिल्या म्हणजे हिमनदीच्या रेट्याची कल्पना कोणत्याही ग्रंथावाचून येते. आणि खडूच्या पत्त्यांमधील ही मातीच कड्याचा घात करते. पावसाचे व वितळत्या बर्फाचे पाणी तिच्यात मुरते, हिवाळ्यात गोठते, वसंतात सुटते. खालून लाटा पायथा पोखरतात. दरडी म्हणून बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या आरंभी कोसळतात.

बीच हा वृक्ष भारतीय वाचकाला पुस्तकांतूनच ठाऊक असतो. त्याची साल करडी आणि गुळगुळीत, खोड सरळ, पालवी वसंताच्या अखेरीस एकाएकी फुटणारी. उन्हाळ्यात त्याची सावली इतकी दाट पडते की तिच्याखाली इतर झाडांची रोपे टिकत नाहीत; बीचची स्वतःची रोपे मात्र त्या अंधारात वर्षानुवर्षे दम धरून राहतात आणि एखादा म्हातारा वृक्ष पडून आभाळाला खिडक उघडली की झपाट्याने वर येतात. मध्य युरोप जर मनुष्याने सोडून दिला असता तर त्याचा बराच मोठा भाग ह्या एकाच वृक्षाने व्यापला असता, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. जर्मन भाषेत ह्या झाडाला ‘बूखे’ म्हणतात आणि पुस्तकाला ‘बूख’; पूर्वी बीचच्या फळ्यांवर अक्षरे कोरीत, म्हणून दोन्ही शब्द एका मुळातून आले, असे अनेक भाषापंडितांचे मत आहे. ह्या वृक्षाच्या नावाचा भारताशीही एक आडवळणाचा संबंध आलेला आहे. लॅटिन, ग्रीक व जर्मन भाषांत ते नाव एका कुळातले आढळते, संस्कृतात मात्र त्याचा निश्चित असा नातलग शब्द नाही. एवढ्यावरून आर्यभाषकांचे मूळस्थान बीचच्या प्रदेशातच, म्हणजे मध्य युरोपात होते, असा सिद्धान्त काही युरोपीय पंडितांनी मांडला. १९०३ साली लोकमान्य टिळकांनी ज्या वादात ध्रुवप्रदेशाचा पक्ष घेतला, त्याच वादातील हे एक टोक. पण ग्रीक भाषेत तेच नाव ओक वृक्षाला लावलेले आहे. झाडांची नावे माणसांबरोबर प्रवास करतात आणि नव्या भूमीत नव्या झाडांवर जाऊन बसतात. एका झाडाच्या आधारावर उभारलेला तो सिद्धान्त आज मान्य नाही.

हिमयुगात बीच वृक्षाने आल्प्स, कार्पेथियन, बाल्कन अशा दक्षिणेकडील मोजक्या आश्रयस्थानांत तग धरला. बर्फ ओसरल्यावर काही हजार वर्षांत तो उत्तरेकडे पसरत बाल्टिकपर्यंत आला. येथे त्याला खडूची चुनखडी जमीन आणि समुद्राची दमट हवा मानवली. माणसांनी रुगेनवरील बहुतेक सपाट जमीन नांगराखाली आणली. पण श्टुबनित्सची भूमी घळींनी चिरलेली, दलदलींनी भरलेली आणि उतरणीची होती. ती शेतीला निरुपयोगी ठरली म्हणून अरण्य राहिले. त्यातही कड्याच्या तोंडावरील उतारांवर लाकूड तोडून वर ओढणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून तेथील झाडे कुऱ्हाडीपासून वाचली. आतल्या अरण्याला मात्र शतकानुशतके जळण, इमारती लाकूड आणि गुरांचा चारा पुरवावा लागला. आज ज्याला आदिम वन म्हणून दाखवले जाते त्याचा मोठा भाग असा राबलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

ह्या बेटावर मध्ययुगात राणी नावाच्या स्लाव्ह जमातीची वस्ती होती. उत्तरेच्या टोकाला आर्कोना येथे त्यांच्या स्वान्तेविट ह्या चार मस्तकांच्या देवाचे मंदिर होते. ११६८ साली डेन्मार्कचा राजा पहिला वाल्डेमार आणि बिशप आब्सालोन ह्यांनी ते जिंकले, मूर्ती तोडली आणि बेट ख्रिस्ती झाले. लोक हळूहळू जर्मन बोलू लागले, नावे राहिली. कड्यांच्या सर्वांत प्रसिद्ध भागाला श्टुबेनकामर म्हणतात. त्यातील ‘कामर’ हा जर्मन भाषेतील खोलीवाचक शब्द वाटतो. पण ते मूळचे ‘पायरी’ आणि ‘दगड’ ह्या अर्थांच्या स्लाव्ह शब्दांचे रूप असावे, असे मानतात. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने बेट स्वीडनकडे गेले आणि १८१५ साली प्रशियाकडे आले.

जुने लोक गेले की त्यांच्या जागांना नव्या कथा चिकटतात. श्टुबनित्समध्ये झाडांच्या गर्द छायेत एक लहान काळेशार तळे आहे आणि त्याच्या काठी मातीचा उंच तट आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात नेर्थुस ह्या भूदेवीचे वर्णन आहे: सागरातील एका बेटावर तिचे पवित्र वन होते, तिचा रथ एका गुप्त तळ्यात धूत असत आणि जे दास तो धूत त्यांना त्याच तळ्यात बुडवीत. सतराव्या शतकात पंडितांनी ते बेट रुगेन ठरवले. देवीचे नावही ‘हेर्था’ असे चुकीचे वाचले गेले, आणि तळे हेर्थाचे तळे झाले. मग वाटाड्यांना बळीचे दगडही सापडले, त्यांवरील रक्ताच्या पन्हळीही सापडल्या. थेओडोर फोन्टाने ह्याच्या १८९५ मधील ‘एफी ब्रीस्ट’ ह्या कादंबरीची नायिका हेच दगड पाहून अस्वस्थ होते, इतकी ही कथा रुजलेली होती. वास्तविक तो तट स्लाव्ह काळातील किल्ल्याचा आहे. टॅसिटसनंतर कित्येक शतकांनी बांधलेला.

११८ मीटर उंचीच्या ‘क्योनिग्सष्टूल’, म्हणजे ‘राजाचे आसन’, ह्या कड्याचेही तसेच. १७१५ साली स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स ह्याने येथे खुर्ची मांडून डॅनिश आरमाराशी चाललेली लढाई पाहिली आणि तो थकून बसला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. नाव मात्र सोळाव्या शतकातच नोंदलेले आढळते. दुसऱ्या दंतकथेप्रमाणे समुद्राच्या बाजूने हा कडा जो चढून येई आणि माथ्यावरील आसनावर बसे त्यालाच राजा करीत. कड्याच्या माथ्यावर खरोखर आहे ते कांस्ययुगातील एक दफनाचे टेकाड.

आता खाणींकडे वळले पाहिजे, कारण यास्मुंडच्या लोकांची चूल पेटली ती ह्या दंतकथांवर नव्हे. खडू प्रथम भाजून चुना करण्यासाठी काढला जाई. एकोणिसाव्या शतकात त्याला नवी गिऱ्हाइके मिळाली: रंग, लांबी, कागद, पुढे रबर आणि सिमेंट. ह्या धंद्याला व्यवस्थित रूप देणाऱ्यांत फ्रीडरिख फोन हागेनो हे नाव अग्रभागी येते. हा गृहस्थ भूमापक होता, प्राचीन थडग्यांचा अभ्यासक होता आणि व्यापारीही होता. १८२९ साली त्याने रुगेनचा बारकाव्यांनिशी केलेला नकाशा प्रसिद्ध केला. १८३२ साली यास्मुंडच्या खडूच्या खाणी खंडाने घेऊन ग्राइफ्सवाल्ट येथे खडू धुण्याचा कारखाना काढला. खडू पाण्यात कालवून गाळताना कारखान्याला नको असलेला जो गाळसाळ उरे, त्यातच त्याला इवलेसे जीवाश्म सापडू लागले. १८३९ ते १८४२ ह्या काळात त्याने त्यांच्यावर सविस्तर प्रबंध लिहिला. एकाच खडकातून एका माणसाने पैसा आणि शास्त्र दोन्ही काढल्याचे असे उदाहरण क्वचितच आढळेल.

खाणीतील काम कष्टाचे आणि धोक्याचे होते. मजूर दोराला बांधून घेऊन उभ्या भिंतीवर लोंबकळत आणि कुदळीने खडू खाली पाडीत. पायथ्याशी तो नरसाळ्यासारख्या खड्ड्यातून उतरून गाड्यांत भरला जाई. मग मोठ्या हौदात पाणी घालून तो घुसळीत. गारगोट्या तळाशी बसत आणि पांढरे दाट पाणी पन्हळींतून निवळण्याच्या कुंडांत जाई. तेथे साका बसला की वरचे पाणी सोडून देत आणि खालचा चिखल काढून वाऱ्याच्या छपरांत फळ्यांवर वाळत घालीत. सारा धंदा ऋतूवर अवलंबून असे. हिवाळ्यात खडू गोठे आणि वाळेनासा होई, त्यामुळे मजुरांच्या हातचे काम सुटे. वाळलेला माल सासनित्सहून जहाजांनी जाई. त्याच सासनित्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रस्नानासाठी आणि कडे पाहण्यासाठी प्रवासी येऊ लागले होते. एकच पांढरा खडक एका वर्गाला पोटासाठी फोडायचा होता आणि दुसऱ्या वर्गाला डोळ्यांसाठी राखायचा होता. विश्रांतीसाठी आलेल्या पाहुण्याला कड्याचे सौंदर्य सहज दिसते. दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तरीही खाणींचे तोंड किनाऱ्याकडे मोकळे वाढत राहिले असते तर आज पाहण्यासारखे थोडेच उरले असते. १९२९ साली किनाऱ्याचा हा पट्टा निसर्गरक्षणाखाली आला. खाणी बंद झाल्या नाहीत. त्या आतल्या बाजूला चालत राहिल्या.

अरण्याचे भवितव्य मात्र ठरले ते साठ वर्षांनंतर, एका राज्याच्या मरणसमयी. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली. जानेवारी १९९० मध्ये पूर्व जर्मनीच्या डळमळत्या शासनात मिखाएल सुको हा ग्राइफ्सवाल्टचा परिस्थितिविज्ञानवेत्ता उपमंत्री झाला. दलदलींचा अभ्यास करण्यात ज्याचे आयुष्य गेले होते, अशा ह्या माणसाने आणि हान्स डीटर क्नाप, लेब्रेख्ट येश्के अशा त्याच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. सरहद्दीवरील निषिद्ध पट्टे, लष्करी कवायतीची माळराने, अधिकाऱ्यांच्या शिकारीची राखीव राने, ही सारी जुन्या राजवटीच्या भयामुळे किंवा लहरीमुळे वाचलेली होती; राजवट जाताच जमिनींचे सौदे सुरू होणार होते. मधला अवधी केवळ काही महिन्यांचा होता. सुको स्वतः मे महिन्यातच पदावरून दूर झाला, पण काम पुढे चालू राहिले. १२ सप्टेंबर १९९० रोजी पूर्व जर्मन मंत्रिमंडळाच्या शेवटच्या बैठकीत पाच राष्ट्रीय उद्याने, सहा जीवावरण राखीव क्षेत्रे आणि तीन निसर्गोद्याने, अशा चौदा प्रदेशांना मान्यता मिळाली. त्याच दिवशी मॉस्कोमध्ये दोन जर्मनी आणि चार विजेती राष्ट्रे ह्यांच्यातील तहावर सह्या होत होत्या आणि जगाचे सारे लक्ष तिकडे होते. १८ सप्टेंबरच्या पूरक कराराने ही उद्याने एकीकरणानंतरही टिकतील अशी तरतूद झाली, १ ऑक्टोबरला हुकूम अंमलात आला आणि ३ ऑक्टोबरला ते राज्यच इतिहासजमा झाले. पश्चिम जर्मनीचे पर्यावरणमंत्री क्लाउस ट्योप्फर ह्यांनी ह्या प्रदेशांना जर्मन एकीकरणातील घरची चांदीची भांडी म्हटले, ते उगीच नव्हे. ज्या शासनाने हवा आणि नद्या निष्काळजीपणाने नासल्या त्याचे शेवटचे कृत्य हे असावे, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे. सुकोला १९९७ साली ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

यास्मुंड हे त्या पाचांतील सर्वांत लहान उद्यान. सुमारे तीन हजार हेक्टरांचे, आणि त्यातही किनाऱ्यालगतचा समुद्राचा पट्टा धरलेला आहे. आजही जर्मनीतील राष्ट्रीय उद्यानांत ते सर्वांत लहानच आहे. २५ जून २०११ रोजी युनेस्कोने जर्मनीतील पाच जुन्या बीचवनांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांत यास्मुंडचे ४९३ हेक्टर आले. स्लोव्हाकिया व युक्रेनमधील कार्पेथियन बीचवने २००७ मध्येच यादीत होती. पुढे २०२१ पर्यंत ह्या एका वारशात अठरा देशांची वने सामील झाली. एका वृक्षाने एक खंड कसा व्यापला ह्याची साखळी पुरी व्हावी म्हणून हा खटाटोप. त्या साखळीत यास्मुंड हा समुद्राला टेकलेला दुवा आहे.

राष्ट्रीय उद्यानाचा नियम असा, की अरण्याच्या गाभ्यात पडलेला वृक्ष उचलायचा नाही आणि सुटलेला कडा बांधून काढायचा नाही. भिंती घालून, लाटा अडवून कडा काही काळ थोपवता येईल. पण न झिजणाऱ्या कड्यावर लवकरच गवत व झुडपे चढतील आणि त्याची शुभ्रता जाईल. तो पांढरा दिसतो तो कोसळत राहतो म्हणूनच. माथ्यावरचे बीच काठाशी येतात, मुळे उघडी पडतात, एक दिवस ते दरडीबरोबर खाली जातात आणि त्यांची खोडे किनाऱ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतात. ह्या नियमाची किंमतही आहे. २०११ च्या डिसेंबरात बेटाच्या उत्तर टोकाशी, उद्यानाच्या हद्दीबाहेर, अशाच एका दरडीखाली एका लहान मुलीचा अंत झाला. तेव्हापासून काठाने चालणाऱ्यांना देण्यात येणाऱ्या इशाऱ्यांकडे लोक अधिक गांभीर्याने पाहतात. क्योनिग्सष्टूलच्या माथ्यावर जाणे आता बंद आहे. त्याऐवजी २०२३ साली एक लंबवर्तुळाकार अधांतरी पूल खुला झाला. मागच्या भक्कम जमिनीतील खांबाला तो दोरखंडांनी टांगलेला आहे. राजाच्या आसनावर पाऊल न ठेवता, कांस्ययुगातील टेकाड न तुडवता, लोक त्याच्या वरून समुद्र पाहतात.

आणि त्या जुन्या खाणी? त्यांपैकी काही उद्यानाच्या हद्दीत आलेल्या आहेत. मजुरांनी सोडलेल्या खड्ड्यांत पाणी साठून बेडकांची तळी झाली, उघड्या खडूच्या उतारांवर ऑर्किडे आली. निसर्गावरील जखम म्हणून ज्यांची गणना होत असे, तेथेच आज दुर्मिळ वनस्पती शोधायला अभ्यासक जातात. मात्र येथे अरण्याचा नियम उलटा होतो. हात लावला नाही तर काही दशकांत झुडपे येतात, मग झाडे, आणि त्यांच्या सावलीत ऑर्किडे मरतात. म्हणून येथे झुडपे काढावी लागतात, गवत कापावे किंवा चारावे लागते. एकाच उद्यानात गाभ्याच्या वनापासून मनुष्याला दूर ठेवणारा आणि खाणीच्या उतारावर त्यालाच कामाला लावणारा, असे दोन्ही नियम शेजारी नांदतात. हद्दीबाहेर गुमान्स येथील बंद खाणीत खडूच्या धंद्याचे संग्रहालय आहे. तेथे घुसळण्याचे हौद, गाड्या आणि अवजारे मांडलेली आहेत. तेथून थोड्याच अंतरावर, क्लेमेन्टेलविट्सच्या बाजूला, यंत्रांनी आजही खडू निघतो आणि त्यातला काही औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील गंधक शोषून घेण्यासाठी वापरला जातो.